फांतँ-लातूरच्या टोपलीतले गुलाब माझ्या कॅनव्हासवर कोबी का होतात?

सुईदोरा

नमस्कार मंडळी. प्रश्न तेलरंगांचा आहे, पण आधी थोडं पाल्हाळ सहन करा.

गेल्या जूनमध्ये लेकीकडे लंडनला गेले होते. ती कामावर गेली की मी नॅशनल गॅलरीत. तिकीट नाही, बसायला बाकं आहेत, निवृत्त बाईला आणखी काय हवं! तिसऱ्या की चौथ्या दिवशी एका लहानशा चित्रापुढे अडकले. आन्री फांतँ-लातूर, 'गुलाबांची टोपली', १८९०. आडनाव वाचून मी मोठ्याने हसले तेव्हा शेजारच्या बाई दचकल्या. (नाही, आपल्या लातूरचा नव्हे. फ्रान्समधल्या ग्रेनोबलचा.) आडवं चित्र, जेमतेम दोन फूट रुंद. टेबलावर टोपली आणि तीत गच्च गुलाब: पांढरे, सायीच्या रंगाचे, गुलाबी, पिवळसर. मागे काही म्हणजे काही नाही. पडदा नाही, खिडकी नाही. मातकट करडा रंग, बस.

मी ३४ वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे समोर काही दिसलं की मोजायची खोड. एका फिकट गुलाबाच्या पाकळ्या मोजायला घेतल्या. चार पावलांवरून सगळ्या सुट्या दिसत होत्या. नीट मोजाव्यात म्हणून पुढे सरकले, तर कुठली कुठे संपते तेच कळेना. ब्रशचे फटकारे नुसते. मागे आले, तर परत सगळ्या आपापल्या जागी. असं तीनदा पुढेमागे केल्यावर तिथला रखवालदार माझ्याकडे टक लावून बघायला लागला, म्हणून गुपचूप बाकावर जाऊन बसले.

घरी परतल्यावर ठरवलं, नक्कल करून बघायची. आत्तापर्यंत तीन कॅनव्हास झालेत. पहिला गॅलरीतून आणलेल्या पोस्टकार्डावरून. दुसऱ्यासाठी फुलवाल्याकडून खरे गुलाब आणून समोर ठेवले. तिसऱ्या वेळी दोन्ही समोर. तिन्ही वेळा आमचे हे चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले आणि म्हणाले, "कोबी छान आलाय."

रागावण्यात अर्थ नाही, कोबीच आलाय. पांढरं फूल शाळेतल्या खडूसारखं दिसतं, कितीही सावली दिली तरी. फुलं कात्रीने कापून चिकटवल्यासारखी वाटतात. आणि मागचा करडा रंग भिंतीला डिस्टेंपर मारावा तसा मेलेला. त्याच्या चित्रात तोच करडा श्वास घेतो.

वापरलेलं सामान: टिटॅनियम व्हाइट, सावलीला त्यातच आयव्हरी ब्लॅक, मागे बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि पांढरा. फुलं पूर्ण झाल्यावर पार्श्वभूमी बारीक ब्रशने कडेकडेने भरली. कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा. "सराव करा" हे सांगू नका, ते मीच ३४ वर्षं सांगत होते.

रंगाचा डबा

ताई, "पार्श्वभूमी कडेकडेने शेवटी भरली" हे तुम्ही एका ओळीत सांगून पुढे निघून गेलात. तुमचं दुखणं तिथेच आहे.

पार्श्वभूमी शेवटी भरली की प्रत्येक फुलाभोवती कुंपण तयार होतं. ब्रश कडेशी येतो, घाबरतो आणि कडेला समांतर फिरतो. बघणाऱ्याला ते कुंपण दिसत नाही, पण जाणवतं, म्हणून फूल चिकटवल्यासारखं वाटतं. उलट करा. आधी सबंध कॅनव्हासवर तो करडा पातळ फिरवा, टर्पेंटाइनने सैल करून, कापडाने थोडा पुसून. कॅनव्हासची वीण दिसली पाहिजे. तो ओला असतानाच फुलांचे ढोबळ डाग टाका. म्हणजे सावलीकडची पाकळी त्या करड्यात आपोआप विरघळेल आणि उजेडाकडची कड तेवढी धारदार ठेवायची. सगळ्या कडा सारख्या धारदार असल्या की फुलाचा पत्रा होतो. तुम्हाला जवळून पाकळ्या मोजता आल्या नाहीत ना? त्या तिथे नव्हत्याच. काही कडा त्याने हरवू दिल्या आणि त्या तुमच्या डोळ्याने मागे जाऊन भरून काढल्या.

आणि त्याची पार्श्वभूमी 'काही नाही' नव्हे. गॅलऱ्यांच्या साइटवर मोठी करून बघा. पातळ थर, त्यावर खरवडल्यासारखे बारीक फटकारे, कुठे खालचा तपकिरी वर डोकावतो, कुठे वरचा करडा थंड होतो. तुम्ही एकच रंग कालवून सगळीकडे फासला असणार. डिस्टेंपरही तसाच मारतात.

आता खडूचं. टिटॅनियम व्हाइट बाजारात आला १९२० च्या सुमारास. फांतँ-लातूर १९०४ मध्ये गेला. त्याच्या काळाचा मुख्य पांढरा म्हणजे शिशाचा सफेदा. तो किंचित उबदार असतो, ब्रशला तार धरतो आणि थोडा पारदर्शक राहतो. टिटॅनियम म्हणजे ट्यूबलाइट. एवढासा घातला की सगळ्या रंगांना पिठात लोळवतो. शिशाचा सफेदा आणा असं मी सांगणार नाही, विषारी असतो, घरात नातवंडं असतील तर लांबच राहा. आणि जस्ताचा सफेदाही मिसळू नका, तेलात त्याचा थर वर्षांनी ठिसूळ होऊन तडकतो. टिटॅनियमच ठेवा, पण त्यात यलो ऑकरचा (मातकट पिवळ्याचा) कण घालून उबदार करा आणि शुद्ध पांढरा सगळ्या चित्रात दोनच ठिकाणी लावा. दोन म्हणजे दोन. गणिताच्या बाई आहात, मोजाल.

काळा सावलीतून काढून टाका. पांढऱ्या गुलाबाची सावली राखाडी नसते. पोस्टकार्डाएवढ्या करड्या पुठ्ठ्याला पंचिंग मशीनने भोक पाडा, एक डोळा मिटा आणि त्या भोकातून फुलाच्या पोटातली पाकळी बघा. मध घातलेल्या दुधाचा रंग दिसेल, कारण उजेड एका पाकळीतून गाळून दुसरीवर पडतो. मग बाहेरची, सावलीकडची पाकळी बघा. ती निळसर-हिरवट, पानांचं प्रतिबिंब घेतलेली. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पुठ्ठा उलटा करून पाहिला, त्याला रंग लागलाय की काय म्हणून.

एक जोड. गुलाबी छटेला अलिझरिन क्रिमझन हा लाल घेऊ नका, उडतो. क्विनॅक्रिडोन घ्या. न टिकणारा लाल काय करतो ते बघा: त्याच १८९० सालच्या मे महिन्यात व्हॅन गॉगने फ्रान्समधल्या सँ-रेमीत फुलदाणीतले गुलाब रंगवले. दोन चित्रं आहेत, एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये, एक वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत. आज ते गुलाब जवळजवळ पांढरे दिसतात. रंगवले तेव्हा गुलाबी होते.

बागेतला म्हातारा

रंगातलं मला शून्य कळतं. गुलाबातलं थोडं कळतं, ते सांगतो.

फुलवाल्याकडचे गुलाब आणलेत ही दुसरी चूक. ते हायब्रिड टी या संकरित घराण्याचे. त्या घराण्यातला पहिला मानतात तो 'ला फ्रान्स', लियोंच्या गियोने १८६७ मध्ये आणलेला. पुढे या घराण्याची कळी उंच, टोकदार होत गेली. काड्या सरळ, माना ताठ, फूल आठवडाभर टिकावं आणि खोक्यात मावावं अशी पैदास. फूल उमलतं म्हणजे वरच्या चार पाकळ्या बाहेर वळतात, मधलं टोक तसंच राहतं.

त्या चित्रकारांच्या टेबलावर जुने बागेतले गुलाब असायचे. सेंटिफोलिया म्हणजे शंभर पाकळ्यांचे, नॉझेट, बोर्बॉन, टी ही त्यांची घराणी. 'सुव्हेनिर द ला मालमेझाँ' १८४३ चा, 'ग्लोआर द दिजाँ' १८५३ चा. यांचं फूल वाटीसारखं गोल किंवा बशीसारखं चपटं, आत पाकळ्यांच्या घड्या दाटीवाटीने बसवलेल्या, काहींत चार भाग पडलेले. देठ बारीक, त्यामुळे मान खाली. तुमच्या तिसऱ्या कॅनव्हासवर काय झालं असेल ते इथे बसून सांगतो. कार्डावर गोल वाटी, समोर टोकदार कळी, आणि तुम्ही दोघींचं लग्न लावायला गेलात.

आता गंमत. सेंटिफोलियाला इंग्रजीत चक्क 'कॅबेज रोझ' म्हणतात. कोबीचा गुलाब! याच घराण्यात मोडणारा एक फिकट गुलाबी गुलाब 'फांतँ-लातूर' नावाचाच आहे, त्याचे आईबाप कोण ते ठाऊक नाही. तेव्हा तुमच्या यजमानांना नावं ठेवू नका, त्यांनी अनवधानाने बरोबर जात ओळखली.

जुन्या घाटाचा गुलाब हवा असेल तर रोपवाटिकेत 'इंग्लिश रोझ' विचारा. डेव्हिड ऑस्टिन या इंग्रजाने १९६१ पासून जुना घाट आणि नव्याची पुन्हापुन्हा फुलण्याची सवय एकत्र आणली. सकाळी ऊन चढायच्या आत अर्धं उमललेलं फूल कापा. आणि घाई करा. जुना गुलाब खोलीत ठेवला की दुपारपर्यंत तुम्ही काढलेलं फूल तिथे नसतं, त्याचा मोठा भाऊ बसलेला असतो.

चष्मेबहाद्दर

प्रामाणिक शंका. कॅमेरा १८३९ पासून होता. १८९० मध्ये हुबेहूब गुलाब काढण्यात काय मोठंसं? आणि त्याच वेळी बाकीचे लोक रंगांची आतषबाजी करत होते. मला ही फुलं आजीच्या बिस्किटांच्या डब्यावरची वाटतात. मारू नका.

जुनी पानं

मारत नाही, पण बसवून ठेवतो.

काळ्या-पांढऱ्या फोटोला ती साय आणि तो पिवळसरपणा कुठून दिसणार, हे सोडून देऊ. मुद्दा 'हुबेहूब' नाहीच. हुबेहूब तर डच लोक दीडशे वर्षं आधी यापेक्षा जास्त काढत होते. यान व्हान हौसमचं फुलदाणीचं एक चित्र त्याच लंडनच्या गॅलरीत आहे, त्यावर दोन सालं आहेत: १७३६ आणि १७३७. कारण वसंतातलं फूल आणि शरदातलं फळ तो समोर ठेवूनच काढायचा, म्हणजे एका चित्राला वर्ष उलटायचं. आपल्याला दिसतो तो गुच्छ कुठल्याही एका दिवशी कुठल्याही टेबलावर नव्हता. त्यात दवाचा थेंब, फुलपाखरू, घरटं आणि त्यात अंडी.

फांतँ-लातूर हे सगळं हाकलून देतो. एक टोपली, एक खिडकीचा उजेड. १८६१ मध्ये तो काही काळ चित्रकार कुर्बेच्या कार्यशाळेत होता, १८६३ च्या नाकारलेल्यांच्या प्रदर्शनात (सरकारी प्रदर्शनाने परत पाठवलेल्या चित्रांच्या) त्याचं चित्र होतं. पण त्याआधीचे त्याचे गुरू लकॉक द बुआबोद्राँ. शिल्पकार रोदँही त्यांच्याच हाताखालचा. त्यांची शिकवण्याची तऱ्हा अशी की वस्तू नीट बघा, मग ती नजरेआड करून स्मरणातून काढा. दुपारी बदलणाऱ्या गुलाबापुढे बसणाऱ्याला ही विद्या किती कामाची, ते बागेतल्या आजोबांनी वर सांगितलंच आहे.

आता बिस्किटांचा डबा. फुलं ही त्याची भाकरी होती, हे खरं. लंडनचा एडविन एडवर्ड्स, वकिली सोडून छापचित्रं करणारा, आणि त्याची बायको रूथ, हे दोघं त्याची फुलं इंग्लंडात विकायचे. एडविन १८७९ मध्ये गेला, रूथने काम चालू ठेवलं. इंग्लंडात दिवाणखान्यांत त्याचे गुलाब टांगलेले, आणि पॅरिसमध्ये कित्येकांना हा माणूस फुलं काढतो याचा पत्ता नाही! तिथे तो ओळखला जायचा चित्रकार-कवींच्या समूहचित्रांसाठी. स्वतःला ओढ होती वॅग्नर आणि बर्लिओझच्या संगीतावरच्या कल्पनाचित्रांची. ती मला विचाराल तर धुक्यात हरवलेली वाटतात. माझं मत, भांडायला तयार आहे.

एक किस्सा मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८७२ चं 'टेबलाचा कोपरा', पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. कवींची मंडळी जेवण उरकून बसलीत, डाव्या टोकाला व्हर्लेन आणि शेजारी पोरसवदा रँबो. आल्बेर मेरा नावाचे कवीही त्यात असायचे होते. पण या दोघांच्या पंक्तीला बसणार नाही म्हणून ते अडून बसले. फांतँ-लातूरने काय केलं? उजव्या कोपऱ्यात त्यांच्या जागी फुलझाडाची कुंडी काढली. आज त्या चित्रापुढे उभं राहणाऱ्या किती जणांना मेराची एक ओळ येते? कुंडी सगळ्यांना दिसते.

चष्मेबहाद्दर

कुंडी आवडली. शरणागती अर्धी.

पानसुपारी

वाचनखूण साठवतोय. मला रंगवता येत नाही, पण पंचिंग मशीनचं भोक करून घरभर फिरलो. पांढरी भिंत पांढरी नाहीये. बायको म्हणते पुट्टी कर.

सुईदोरा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दहा दिवस गप्प होते कारण हात रंगात होते.

आजोबा, इंग्लिश रोझ मिळाला नाही. पण शेजारणीच्या कुंडीत गावठी गुलाब आहे, देशी, वासाचा, तो गोल वाटीचाच निघाला. सकाळी सात वाजता एक फूल मागून आणलं. एकच. टोपलीचा नाद सोडला. मागे करडा पुठ्ठा उभा केला, डबासाहेबांनी सांगितलं तसा पातळ करडा आधी फिरवला. पुसताना वाटलं चित्र वाया गेलं, कॅनव्हास धुतलेल्या पोतेऱ्यासारखा दिसत होता. मग त्यातच फुलाचा डाग टाकला, आणि खालची एक पाकळी करड्यात गेली ती गेलीच. मी भरायला निघाले होते, हात आवरला.

भोकातून बघितलं. मधाचं दूध! फुलाच्या पोटात अगदी तोच रंग. इतकी वर्षं मी पांढऱ्यात काळा घालत होते.

अकरा वाजता फूल बदललं. आठ वाजता जी पाकळी उभी होती ती आडवी पडून तिच्यामागून दुसऱ्या दोन दिसायला लागल्या. मी आठचीच ठेवली, डोळे मिटून आठवली. त्या लकॉक मास्तरांना मनातून नमस्कार केला. शाळेत आम्ही पाढे याच पद्धतीने करून घ्यायचो.

शुद्ध पांढरा दोनच ठिकाणी लावायचा होता. तीन झाले. तिसरा पुसला.

आमचे हे चहा घेऊन आले, थोडा वेळ उभे राहिले, आणि "हं" म्हणाले. कोबी म्हणाले नाहीत.

जुनी पानं, एक विचारायचं राहिलं. फांतँ-लातूरची बायकोही चित्रकार होती ना? गॅलरीत ओझरतं वाचलं होतं.

जुनी पानं

होती. व्हिक्तोरिया दुबूर. तीही फुलंच काढायची आणि सही लग्नानंतरही माहेरच्या आडनावाने, 'व्ही. दुबूर'. दोघं लूव्हरमध्ये जुन्या चित्रांच्या नकला करणाऱ्यांतले. उन्हाळे नॉर्मंडीतल्या ब्युरे गावी तिच्या माहेरच्या घरी जायचे, तिथल्याच बागेतली फुलं दोघांच्या चित्रांत येतात, आणि तिथेच तो वारला. त्याच्यामागे तिने त्याच्या सगळ्या कामाची सूची १९११ मध्ये छापली. आज कुठलं चित्र कधीचं हे ठरवायला बसलं की पहिल्यांदा तीच सूची उघडतात. तिची चित्रं स्वतंत्र बघा. काही ठिकाणी मला ती त्याच्याहून कमी गोडवा असलेली, म्हणून जास्त आवडतात.

सुईदोरा

मग पुढची नक्कल व्ही. दुबूर यांची.

शेवटची शंका, डबासाहेब. लेक डिसेंबरात येतेय, तिला हे चित्र लंडनला न्यायचंय. दोन महिने आहेत. तोवर सुकेल का? वॉर्निश लावून देऊ का?

रंगाचा डबा

वॉर्निश अजिबात नाही. तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतो. पातळ करडा आत्ताच कोरडा असेल. गुलाबावरचा जाड पांढरा वरून सुकेल, आत मऊ राहील, शिवाय टिटॅनियम या बाबतीत आळशी आहे. कपाटात बंद करू नका, उजेडाच्या खोलीत भिंतीकडे तोंड न करता ठेवा.

नेताना रंगाला काही टेकलं नाही पाहिजे. चारी कोपऱ्यांत बाटलीच्या बुचाच्या चकत्या टाचणीने बसवा, त्यावर पुठ्ठा, मग दोरी. बबल रॅप थेट रंगावर नको, त्याचे फुगे जाड पांढऱ्यावर गोल गोल उमटतात. माझ्या एका चित्रातल्या आभाळात अजून आहेत. वॉर्निश लेकीलाच पुढच्या उन्हाळ्यात लावायला सांगा.

सुईदोरा

बुचं कुठून आणू? आमच्याकडे सगळ्या बाटल्या फिनेलच्या.

चष्मेबहाद्दर

पत्ता द्या, पाठवतो. माझ्याकडे बरीच साठलीत. कारण विचारू नका.